मल्हारगंजातला गंज

इंदूरच्या राजवाड्याकडून बडा गणपतीकडे निघाले की वाटेत मल्हारगंज लागते. नाव कानाला गोड आहे आणि अर्थही सोपा वाटतो. पण कोणता अर्थ सोपा, हे ऐकणाऱ्यावर ठरते. गाण्याचा कान असलेल्याला मल्हार म्हटले की आषाढाचे ढग दिसतात. शेतकऱ्याला गंज म्हणजे रचून ठेवलेली कडब्याची गंजी. विदर्भातल्या स्वयंपाकघरात गंज म्हणजे उभट पातेले. लोहाराला गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर. इंदूरच्या हिंदीभाषक शेजाऱ्याला त्याच शब्दाने डोक्यावरचे टक्कलही आठवेल. या सगळ्यांची मोट बांधली तर मल्हारगंज म्हणजे पावसाने लोखंडावर चढवलेला गंज असाही अर्थ निघतो, आणि समासाच्या नियमांत त्याला हरकत घेता येत नाही. हे सगळे अर्थ खरे आहेत, या वस्तीला मात्र त्यांतला एकही लागू पडत नाही. शब्दाच्या मुळाशी खणत गेले की खरा अर्थ हाती लागतो, अशी आपली एक पक्की समजूत असते. मल्हारगंज आणि त्याच्या आजूबाजूचे इंदूर पाहिले की उलटेच दिसते. मुळाशी इतिहास सापडतो. अर्थ मात्र शब्द ज्या गावात, ज्या कामासाठी वापरला गेला तिथे घडतो, आणि गाव बदलले की तो पुन्हा नव्याने घडतो.

आधी मल्हार. इथला मल्हार हा राग नव्हे, देव आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध करणारा तो मल्लारी, म्हणजे मल्लाचा अरी. तोच मल्हारी, तोच जेजुरीचा खंडोबा. होळ गावच्या एका घरात 1693 मध्ये जन्मलेल्या मुलाला या देवाचे नाव मिळाले आणि गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव झाले होळकर. पुढे माळव्याचे सुभेदार झालेल्या या मल्हारराव होळकरांचे नाव इंदुरातल्या बाजारवस्तीला लागले. म्हणजे नावाचा पूर्वार्ध जेजुरीच्या भंडाऱ्यात माखून आलेला आहे. उत्तरार्धाचा प्रवास मात्र कितीतरी लांबचा. फारसीत गंज म्हणजे खजिना. खजिना ठेवायची जागा ती गंज, मग धान्य साठवायचे कोठार ती गंज, आणि कोठारापाशी जिथे त्या धान्याची खरेदी-विक्री होते तो बाजारही गंज. लखनौचे हजरतगंज, दिल्लीचे दर्यागंज, पहाडगंज ही सगळी याच वाटेने आलेली. आपल्या गवताच्या गंजीतला ढिगाचा अर्थही याच रस्त्यावरचा दिसतो. लोखंडावरच्या गंजाचे कूळ बहुधा वेगळे असावे. फारसीत त्याला ज़ंग म्हणतात आणि हिंदीत जंग.

दक्षिणेकडे बाजारवस्तीला वेगळा शब्द आहे, तो म्हणजे पेठ. कन्नडात पेटे, तेलुगूत पेट, तमिळमध्ये पेट्टै असे त्याचे भाऊबंद सापडतात. म्हणजे मराठी माणसांनी पुण्यात वस्त्या वसवल्या तेव्हा दक्षिणेचा शब्द हाताशी होता, आणि त्याच माणसांनी नर्मदा ओलांडून माळव्यात बाजार वसवले तेव्हा उत्तरेचा. दोन्ही वेळा त्यांनी परिसरात रुळलेले नाव घेतले, कारण बाजाराचे नाव आधी गिऱ्हाइकाला आणि व्यापाऱ्याला कळावे लागते. आणि पुण्यातच गंज पेठ आहे, जोतीराव फुल्यांचा वाडा आहे ती. गंज म्हणजेही बाजार आणि पेठ म्हणजेही बाजार, तेव्हा मुळाबरहुकूम त्या नावाचा अर्थ होतो ‘बाजार बाजार’. पण पुणेकराच्या कानाला यात पुनरुक्ती जाणवत नाही. त्याच्यासाठी गंज हे नाव आहे आणि पेठ हा शब्द. एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसले आणि त्यांनी आपापसांत काम वाटून घेतले.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गंज हा परका शब्द. मराठी राज्यकर्त्यांनी तो घेतला ही त्या काळची लाचारी होती, तिचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. पाठीशी पुरावाही आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि कारभारातल्या सुमारे 1400 यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले की शिवकाळाच्या आधीच्या पत्रांत फारसीचा पगडा जबर होता आणि पुढच्या शंभर वर्षांत तो झपाट्याने उतरला. हे सारे खरे आहे. पण कोशाने बदलली ती दप्तराची भाषा. पदांची नावे हुकमाने बदलतात, पत्रांचे मायने बदलतात. रोजच्या देवघेवीतल्या शब्दांवर असा हुकूम चालत नाही. ‘बाजार’ फारसी, ‘दुकान’ फारसीतून आलेले, ‘किंमत’, ‘हिशेब’, ‘जमा’, ‘खर्च’ हे सगळे अरबी-फारसी वाटेचे. आणि आज हे शब्द परके आहेत असे मराठी माणसाच्या मनातही येत नाही. शिवाय गंजाचे परकेपणही वाटते तितके सरळ नाही. मथुरेला शक क्षत्रप शोडासाच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या आरंभीच्या सुमाराचा, एक संस्कृत लेख आहे. त्यात एका ब्राह्मणाचे पद ‘गंजवर’ असे दिले आहे, म्हणजे खजिनदार. इराणी शब्द, ब्राह्मण खजिनदार, संस्कृत लेख, आणि इस्लामचा उदय व्हायला अजून सहाशे वर्षे अवकाश. पश्चिमेकडे हाच शब्द ग्रीक आणि लॅटिनमध्ये ‘गाझा’ होऊन खजिन्याच्याच अर्थाने नांदला. दोन हजार वर्षे ज्याने या देशात चाकरी केली त्याला परका कधीपर्यंत म्हणायचे, याची तारीख ज्याला ठरवायची असेल त्याने ती ठरवावी. माझ्या मते मल्हारगंज हे नाव लिहिताना कुणाचाही कान खटकला नसेल, आणि हीच शब्द रुळल्याची खूण.

मुळाशीच अर्थ असतो असे मानणाऱ्याला इंदूरच्या सराफ्यात शिकंजीचा पेला हाती द्यावा. उत्तरेत इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत, वर काळे मीठ आणि जिरेपूड. इंदुरात मात्र शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचे दाट, केशरी, सुकामेव्याने जड झालेले पेय, चमच्याने खावे असे. लिंबू पिळलेले पाणी मागणाऱ्याच्या हाती लिंबाने नासेल असाच पदार्थ येतो! मग खरी शिकंजी कोणती? मूळ विचारले तर दोन्ही खोट्या ठरतात. शब्द आला फारसी सिकंजबीनपासून, आणि त्याचे घटक दोन: सिर्का आणि अंगबीन, म्हणजे शिरका आणि मध. ज्याला मुळाशी इमान राखायचे आहे त्याने शिरक्यात मध कालवून प्यावा. बाकीच्यांना लखनौत लिंबाची आणि इंदुरात दुधाची शिकंजी मिळेल, आणि मागताना कुणाची फसगत होणार नाही, कारण विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच अर्थ ठाऊक आहे. अर्थ टिकायला एवढे पुरते.

शब्द गाव बदलतो तेव्हा अर्थ वाऱ्यावर भरकटत नाही, त्याला काहीतरी कारण असते, हे ‘राजीनामा’ या शब्दावरून फार चांगले दिसते. मध्य प्रदेशातल्या न्यायालयात दोन पक्षांमध्ये ‘राजीनामा’ झाला म्हणजे तडजोड झाली. महाराष्ट्रात मंत्र्याने राजीनामा दिला म्हणजे त्याने खुर्ची सोडली, आणि त्या अर्थासाठी हिंदीत ‘इस्तीफा’ आहे. शब्दशः राजीनामा म्हणजे राजीखुशीचा कागद. हिंदीचा अर्थ त्याला जवळचा. मग मराठीने काय केले? जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात कुळाला जमीन सोडायची असली की ते राजीनामा लिहून देई आणि नवा धारण करणारा कबुलायत देई. जमीन राजीखुशीने सोडल्याचा तो कागद होता. आधी जमीन सोडण्याचा, मग पद सोडण्याचा: पायरी एकच आहे, आणि ती तलाठ्याच्या दप्तरात सापडते. ‘शिक्षे’चेही तसेच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, संस्कृतात तर ते वेदांगाचे नाव. मराठीत मात्र शिक्षा ही अपराध्याला होते. इंदूरच्या मराठी घरातले मूल शाळेत जाते तेव्हा सरकारी पाटीवर ‘शिक्षा विभाग’ वाचते आणि घरी येऊन ‘शिक्षा’ या शब्दाला घाबरते. दोन अर्थ एकाच डोक्यात सुखाने नांदतात, कारण कोणता शब्द कुठल्या भाषेत चालला आहे हे त्या मुलाला न शिकवता कळते. शिकवण्याचे टोक दंडापर्यंत कसे पोचले हे समजायलाही अडचण नाही; ‘धडा शिकवणे’ आपण आजही म्हणतोच.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला अधिक काळजीचा वाटतो. शब्दांची देवघेव ठीक आहे, पण इंदूरची मराठी अशीच देवघेव करता करता हिंदीत विरून जाईल, ती आधीच हिंदाळलेली आहे, असे पुण्या-मुंबईकडून ऐकू येते. या भीतीची टिंगल करू नये. भाषा खरोखरच विरतात. पण विरते आहे की नाही हे तपासायचे कशावर? उसन्या शब्दांची मोजदाद करून ते कळत नाही, हे फारसीने दाखवून दिले आहे. तपासायचे ते प्रत्यय. परक्या शब्दाला आपली विभक्ती लागते तोवर शब्द आपल्या घरात पाहुणा आहे. आपल्या शब्दालाही दुसऱ्याची विभक्ती लागू लागली की आपण पाहुणे झालो. इंदूरच्या सकाळच्या खाण्यात ही कसोटी नजरेसमोर पाहता येते. मराठीत ‘पोहे’ नेहमी अनेकवचनी: पोहे भिजवले, पोहे झाले, पोहे खाल्ले. संस्कृत पृथुक, म्हणजे चपटा केलेला दाणा, त्याचे हे वंशज. दाणे पुष्कळ, म्हणून अनेकवचन. हिंदीच्या कानाला मात्र ‘पोहे’ हे आकारान्त शब्दाचे अनेकवचन किंवा सामान्यरूप वाटले, जसे ‘घोड़ा’चे ‘घोड़े’. ‘पोहे की प्लेट’ म्हणता म्हणता मागे जाऊन हिंदीने एकवचन तयार केले, ‘पोहा’. इंदुरात ‘पोहा’ खाल्ला जातो, एकवचनात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पसरट परात, तिच्यात वाफेवर मऊ राहिलेला पिवळा ढीग, वर शेव, बडीशेपेचा वास, जीरावन मसाल्याची चिमूट, शेजारी जिलबी. त्याच टपरीपाशी एकच पदार्थ मराठी गिऱ्हाइकासाठी ‘ते’ असतो आणि हिंदी गिऱ्हाइकासाठी ‘वह’. हिंदीने शब्द घेतला आणि आपल्या व्याकरणात बसवला. मराठीने आपले अनेकवचन सोडले नाही. यात दोन्ही भाषा धडधाकट दिसतात.

त्याहून बोलका आहे भुट्टे का कीस. कोवळे, दुधाळ कणीस किसणीवर उभे धरून किसतात. दाणे फुटून पांढरट रस आणि चोथा एकत्र खाली पडतो. कढईत तूप, मोहरी-जिरे, हिंग, हिरवी मिरची, त्यावर हा कीस, आणि मंद आचेवर परतता परतता थोडेथोडे दूध. कणीस जून असेल तर मजा जाते, म्हणून हा खरा पावसाळी पदार्थ. नावातला ‘कीस’ मराठी आहे. हिंदीत किसणीला कद्दूकस म्हणतात, त्यामुळे कुणी म्हणेल की कीस हा हिंदीच्या ‘कस’मधूनच निघाला असेल. पण त्या किसणीतून खाली पडलेल्या पदार्थाला हिंदी ‘कीस’ म्हणत नाही. मराठीत बटाट्याचा कीस, रताळ्याचा कीस हे उपासाचे पदार्थ घरोघर आहेत. किसायचे, तुपा-जिऱ्यावर मिरची घालून परतायचे, ही रीतसुद्धा तीच. रीत आणि नाव एका हाताने आलेली आहेत. अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेला मका, हिंदीतला भुट्टा, हिंदीचाच ‘का’, आणि मराठी स्वयंपाकघरातला कीस: तीन शब्दांच्या या नावात पोर्तुगीज गलबतांपासून होळकरी वाड्यांपर्यंतची वाट आहे. इथे प्रत्यय हिंदीचा आहे, म्हणजे कसोटीप्रमाणे आपला शब्द हिंदीच्या घरी पाहुणा गेला आहे. त्यात मराठीचे काही गेले नाही. मराठी माणूस तोच पदार्थ ‘भुट्ट्याचा कीस’ म्हणून मागवतो, भुट्ट्याला आपले सामान्यरूप देऊन. आणि तो मल्हारगंजात राहतो, ‘मल्हारगंज में’ नाही. ज्या दिवशी मुले घरात मराठीत भांडायची थांबतील त्या दिवशी काळजीचे कारण आहे, आणि तेव्हा शब्द सगळे शुद्ध असूनही उपयोग नसेल.

मात्र दिसले साम्य की म्हण मराठीचा प्रभाव, हा उत्साहही आवरायला हवा. इंदूरचा माणूस हिंदीत ‘अपन चलते हैं’ म्हणतो, त्यात ऐकणाराही आला. प्रमाण हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद करता येत नाही, मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘अपन’ मराठीने दिले असे म्हणायचा मोह होतो. पण गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेत, राजस्थानी बोलींतही हा भेद आहे, आणि दक्षिणेत द्राविडी भाषांत तो फार जुना आहे. तेव्हा माळव्याचे ‘अपन’ ही मराठीची देणगी नसून एका मोठ्या पट्ट्याची सामाईक मालमत्ता आहे. भाषांच्या सीमा नकाशावर रेघेसारख्या असतात, बोलण्यात त्या रानासारख्या असतात. इंदूरने हे रान सांभाळले. मराठी साहित्य संमेलन 1917 मध्ये इथे भरले आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. 1935 मध्ये तर दोन्ही संमेलने याच शहरात झाली. शहराच्या नावाचेही दोन उच्चार शेजारी शेजारी चालत आले, मराठीचा इंदूर आणि हिंदीचा इंदौर. इंद्रेश्वराच्या देवळावरून दोन्ही आले असे सांगतात. 2017 मध्ये इथल्या महापालिकेत एका नगरसेवकाने नाव अधिकृतपणे ‘इंदूर’ करावे असा प्रस्ताव मांडला, तेव्हा बातम्या झाल्या. मराठी कानाला ते सुखाचे वाटले असेल. पण लोक ज्या नावाने हाक मारतात ते चुकीचे आणि दुसरे बरोबर, असे ठरवायला मूळ पुरेसे नाही, हे शिकंजीने दाखवलेच आहे.

आणि शब्दच काय, इथे तिथीसुद्धा दोन नावांनी नांदते. महिन्यांची नावे आकाशातून आली: पौर्णिमेचा चंद्र फल्गुनी नक्षत्रापाशी तो फाल्गुन, चित्रेपाशी तो चैत्र. चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा, त्यावर कुणाचा वाद नाही. पण महिना संपवायचा कुठे? महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत तो अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकाच नावाचा. कृष्ण पक्ष आला की नाव फुटते. त्यामुळे 2025 मध्ये मल्हारगंजातल्या हिंदी घराचा सावन 11 जुलैला लागला आणि मराठी पंचांग पाळणाऱ्या शेजारच्या घराचा श्रावण 25 जुलैला. एका भिंतीच्या अलीकडे श्रावणी सोमवारचा उपास, पलीकडे अजून आषाढच. राखी मात्र दोन्ही घरांत 9 ऑगस्टलाच, कारण ती शुक्ल पक्षाच्या पौर्णिमेची. पक्षांच्या नावांतही अशीच गंमत आहे. जुन्या लेखांत ‘शुक्ल दिवस’ आणि ‘बहुल दिवस’ हे आखडून ‘शु. दि.’ आणि ‘ब. दि.’ असे कोरत. त्या संक्षेपांचेच पुढे सुदी आणि बदी हे शब्द झाले, आणि मराठीचे शुद्ध-वद्य त्याच घराण्यातले. खोदणाऱ्याने दगड वाचवण्यासाठी तोडलेले अक्षर व्यापाऱ्यांच्या वहीत पूर्ण शब्द होऊन बसले.

या सगळ्याची भेट रंगपंचमीला होते. उत्तरेत रंग खेळतात होळीच्या दुसऱ्या दिवशी. इंदुरात खरा जोर पाचव्या दिवशीच्या रंगपंचमीला, महाराष्ट्रासारखा. मल्हारगंजच्या टोरी कॉर्नरवरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते आणि राजवाड्याकडे सरकते. टँकरमधून रंगाचे पाणी उडते, गुलाल इतका उंच फेकतात की वाड्याचे वरचे मजले धूसर होतात, आणि रंग फेकणाऱ्या यंत्रांना लोक मिसाइल म्हणतात. ‘गेर’ शब्द ऐकून मराठी माणसाला आधी ‘गैर’ आठवते, काहीतरी चुकीचे. पण राजस्थानात होळीच्या दिवसांत गोल फेर धरून नाचतात त्या नाचाचेही नाव गेरच आहे, आणि माळव्याची मिरवणूक त्याच बाजूची दिसते. 2025 ची गेर 19 मार्चला निघाली. त्या दिवशी मराठी पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी होती आणि हिंदी पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी. महिना दोघांचा वेगळा, पंचमी एक, आणि टोरी कॉर्नरवरून निघालेला रंग दोन्ही पंचांगे पाळणाऱ्यांच्या कपड्यांवर त्याच सकाळी पडला.